काट्यांची वई : इंग्लंडच्या हॉथॉर्नचा इतिहास

इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशर परगण्यात न्यूटन नावाचे एक लहानसे खेडे आहे. इ. स. १६०७ च्या जून महिन्यात, ८ तारखेला, या खेड्याबाहेर हजाराच्या वर माणसे कुदळी आणि फावडी घेऊन जमली. त्यांना कोणाचे घर जाळावयाचे नव्हते, की कोणाची पेटी फोडावयाची नव्हती. ती आली होती कुंपण उपटावयाला. गावच्या जमीनदाराने पिढ्यान् पिढ्या सर्वांची म्हणून वापरात असलेली जमीन मेंढ्यांसाठी बंदिस्त केली होती; तिच्याभोवती चर खणले होते आणि चरांच्या बांधावर काटेरी झाडे लावली होती. जमावाने झाडे उपटली, चर बुजवले. परगण्यातील शिबंदी आपल्याच लोकांवर हत्यार उचलावयास कचरली, तेव्हा जमीनदारांनी आपले नोकरचाकर हत्यारबंद करून पाठविले. चाळीस-पन्नास माणसे त्या दिवशी मारली गेली आणि पुढाऱ्यांना मागाहून फाशी देण्यात आले.

या उठावाचा म्होरक्या जॉन रेनल्ड्स नावाचा एक साधा कारागीर होता. तो कमरेला एक चामडी बटवा बाळगी, म्हणून लोक त्याला ‘कॅप्टन पाउच’, म्हणजे बटवेवाला कप्तान म्हणत. या बटव्यात अशी वस्तू आहे की, तिच्यामुळे तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, असे त्याने आपल्या अनुयायांना सांगितले होते. तो पकडला गेल्यावर बटवा उघडून पाहिला, तो आत हिरव्या चीजचा एक तुकडा निघाला.

ज्या झुडपासाठी एवढी माणसे मेली, त्याचे नाव हॉथॉर्न. मराठीत त्याला नाव नाही, कारण ते आपल्याकडे होत नाही. परंतु ज्याने सह्याद्रीत करवंदीच्या जाळ्या पाहिल्या आहेत, त्याला या झाडाची कल्पना करणे अवघड जाऊ नये. कुळ अगदी निराळे, हॉथॉर्न हा गुलाब आणि सफरचंद यांच्या भावकीतला. पण तसेच तीक्ष्ण काटे, तशीच पांढऱ्या फुलांची गर्दी, आणि तीच लहान, गोल फळे पाखरांसाठी पिकवीत राहण्याची वृत्ती. मोकळे सोडले तर ते पंधरा ते तीस फुटांपर्यंत वाढते, छाटले तर कमरेइतके राहते. आणि जितके छाटावे तितके दाट होते. इंग्लंडात त्याच्या दोन जाती मूळच्या आहेत. त्यांपैकी जी सर्वत्र आढळते, तिच्या फळात एकच बी असते आणि तिच्या शास्त्रीय नावातही ‘मोनोजायना’ या शब्दाने हा एकपणा सांगितलेला आहे.

नावातच कुंपण असलेले हे झाड आहे. जुन्या इंग्रजीत ‘हागा’ म्हणजे वई, बंदिस्त जागा. त्यावरून हॉथॉर्न, म्हणजे कुंपणाचा काटा. हॉलंडमधील हेग शहराच्या नावातही हाच शब्द दडला आहे; ‘सरदाराची वई’ असा त्या शहराच्या जुन्या डच नावाचा अर्थ होतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संदर्भात हे नाव सतत कानांवर पडते, परंतु त्याच्या मुळाशी एक काटेरी कुंपण आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

जिवंत झाडांचे कुंपण करण्याची विद्याही फार जुनी. इ. स. पूर्व ५७ मध्ये ज्यूलियस सीझर आजच्या बेल्जमच्या भागात नेर्व्ही नावाच्या जमातीशी लढला. ते लोक कोवळी झाडे अर्धवट कापून वाकवितात, त्यांच्या फांद्यांत झुडपे आणि काटे गुंफतात, आणि त्यांतून पलीकडे जाणे तर सोडाच, पाहतासुद्धा येत नाही, अशी त्याने नोंद करून ठेवली आहे. इंग्लंडातील कुशल वईकार हिवाळ्यात आजही जवळजवळ हेच करतो. हॉथॉर्नचे खोड बुंध्याजवळ तिरपे कापावयाचे, पण पूर्ण तोडावयाचे नाही. सालीची आणि थोड्या लाकडाची एक जीभ शिल्लक ठेवावयाची आणि झाड आडवे निजवावयाचे. त्या एवढ्याशा दुव्यातून रस चढत राहतो. वसंतात निजलेल्या खोडावर आणि कापल्या जागी नवे धुमारे फुटतात आणि दोन-तीन वर्षांत मांजराचे पिलूही शिरणार नाही अशी भिंत उभी राहते. मिडलँड्स परगण्यांत या वया बैल अडविण्याच्या हिशेबाने बांधल्या जात, हे सांगितले म्हणजे त्यांच्या बळकटीविषयी अधिक काही सांगावयास नको.

न्यूटनचा उठाव काही पहिला नव्हता. १५४९ मध्ये नॉर्फोकमध्ये रॉबर्ट केट याच्या नेतृत्वाखाली अशाच बंदिस्तीविरुद्ध हजारो शेतकरी उठले होते, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात केट फासावर गेला होता. तथापि, खरी लाट आली ती अठराव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि ती बंडाने नव्हे तर कायद्याने आली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने बंदिस्तीचे ५,२०० हून अधिक कायदे संमत केले. त्यांच्याखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्राचा एक पंचमांशाहून थोडा अधिक भाग, कुंपणात गेला.

या कारवाईची पद्धत सरकारी कामकाजाशी परिचित असलेल्या कोणासही ओळखीची वाटेल. प्रथम गावातील मोठे जमीनधारक अर्ज करीत. चर्चच्या दारावर नोटीस लागे. कायदा संमत झाला, की कमिशनर नेमले जात; मोजणीदार साखळी घेऊन येई; नकाशा तयार होई; हक्काचे दावे ऐकले जात; आणि शेवटी ‘अवॉर्ड’ जाहीर होई. ज्याच्यापाशी कागद होता त्याला जमीन मिळाली. ज्याचे आजोबा-पणजोबा त्या माळावर गाय चारीत आणि सरपण गोळा करीत आले होते, परंतु तसे लिहिलेले कुठे नव्हते, त्याला बहुधा काहीच मिळाले नाही.

या अवॉर्डात आणखी एक अट असे. मिळालेल्या जमिनीला ठराविक मुदतीत चर खणून हॉथॉर्नची वई घालणे ज्याचे त्याला बंधनकारक होते. मोठ्या जमीनदाराला हा खर्च जड नव्हता. परंतु दोन-चार एकर वाट्याला आलेल्या लहान शेतकऱ्याला चर, रोपे, आणि ती रोपे मोठी होईपर्यंत गुरांपासून राखण्यासाठी लाकडी कठडे, हे सर्व परवडेना. जमिनीच्या मानाने कुंपणाची लांबी लहान तुकड्यालाच अधिक पडते, हे भूमितीतील साधे सत्य त्याच्या विरुद्ध गेले. पुष्कळांनी मिळालेला तुकडा शेजारच्या मोठ्या धन्याला विकला आणि ते मजूर झाले. ‘कुंपणच शेत खाते’ ही मराठीतील म्हण आहे. इंग्लंडात ती अक्षरशः खरी ठरली.

आर्थर यंग हा त्या काळचा शेतीविषयक मोठा लेखक. बंदिस्तीचा त्याने वर्षानुवर्षे हिरिरीने पुरस्कार केला होता, आणि १७९३ पासून तो सरकारच्या कृषिमंडळाचा चिटणीस होता. याच माणसाने १८०१ मध्ये प्रसिद्धपणे कबूल केले की, बंदिस्तीच्या बहुतेक सर्व प्रकरणांत गरिबांचे नुकसान झाले आहे. पदावर असताना आपले मत असे उघडपणे बदलणे सोपे नसते. यंगच्या बाकीच्या लिखाणापेक्षा या कबुलीचे मोल अधिक मानावयास हवे. अर्थात् त्यामुळे कायदे होण्याचे थांबले नाही. १८०९ मध्ये हेल्पस्टन या खेड्याच्या बंदिस्तीचा कायदा झाला आणि १८२० मध्ये त्याचे अवॉर्ड पूर्ण झाले. त्या खेड्यात जॉन क्लेअर नावाचा एक शेतमजूर होता. पुढे तो इंग्रजीतील मोठा निसर्गकवी म्हणून ओळखला गेला, परंतु तारुण्यात पोटासाठी त्याला जी कामे करावी लागली, त्यांत वई लावण्याचेही काम होते. आपल्या बाळपणाचा माळ बंदिस्त झाल्याचे दुःख त्याने जन्मभर गायिले.

एवढी झाडे आली कोठून? हॉथॉर्नचे बी मोठे चिवट. जमिनीत पडल्यावर ते सामान्यतः दोन हिवाळे निजून राहते आणि मगच रुजते. म्हणून रोपवाटिकांचा एक नवा धंदाच उभा राहिला. फळे गोळा करावयाची, वाळूत थर देऊन वर्षभराहून अधिक काळ मुरवावयाची, मग पेरावयाची, आणि दोन-तीन वर्षांची रोपे हजारांच्या हिशेबाने विकावयाची. ग्रामीण इतिहासाचे थोर अभ्यासक ऑलिव्हर रॅकम यांच्या अंदाजाप्रमाणे १७५० ते १८५० या शंभर वर्षांत सुमारे दोन लाख मैल लांबीच्या वया लावल्या गेल्या. त्याआधीच्या पाचशे वर्षांत मिळून लावल्या गेल्या त्याहून या कमी नव्हत्या. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारे चौकटी-चौकटींचे जे हिरवे इंग्लंड प्रवाशाला सनातन वाटते, त्याचा बराच भाग मोजणीदाराच्या पट्टीने आखलेला आहे.

परंतु ज्या लोकांची जमीन या झाडाने अडविली, त्यांच्याच मनात ते झाड फार प्राचीन काळापासून घर करून होते. त्याचे लोकांतले नाव ‘मे’ असे होते, कारण मे महिन्याच्या पहिल्या दिवशी त्याच्या फुललेल्या फांद्या आणून दारे सजविण्याची चाल होती. आता १ मे रोजी ते फूल उत्तरेकडे सहसा मिळत नाही, याचे कारण झाडात नाही, पंचांगात आहे. १७५२ च्या सप्टेंबरात ब्रिटनने जुने कॅलेंडर सोडून नवे स्वीकारले आणि ११ दिवस एकदम गाळले. झाड आपल्या वेळेवर फुलत राहिले. सण मात्र अकरा दिवस अलीकडे सरकला.

या बदलाची एक मोठी मनोरंजक हकिगत आहे. ग्लास्टनबरी येथे हॉथॉर्नचा एक विशेष प्रकार आहे. तो वर्षातून दोनदा फुलतो, एकदा वसंतात आणि एकदा ऐन हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास. येशूला थडग्यात ठेवणारा अरिमथाईचा जोसेफ इंग्लंडात आला, त्याने आपली काठी जमिनीत रोवली आणि तिचे हे झाड झाले, अशी कथा आहे. याच प्रकाराचे एक झाड बकिंगहॅमशर परगण्यातील क्वेंटन गावी होते. १७५२ साली नवे कॅलेंडर आल्यावर पहिला नाताळ आला, तेव्हा २४ डिसेंबरच्या रात्री दोन हजारांवर माणसे कंदील-मशाली घेऊन त्या झाडाभोवती जमली. नाताळ खरा कोणता, हे पार्लमेंटपेक्षा झाडाला अधिक कळते, अशी त्यांची श्रद्धा. झाड फुलले नाही. लोकांनी निर्णय दिला : हा नाताळ खोटा! ते चर्चला जाईनात, मेजवानी करीनात. अखेर आसपासच्या धर्मोपदेशकांना, जुन्या हिशेबाने येणारा ५ जानेवारीचा दिवसही पूर्ववत् पाळला जाईल, असे जाहीर करावे लागले. ज्यांच्या घरी वाढदिवस तिथीने करावा की तारखेने, हा वाद अजून होतो, त्यांना क्वेंटनच्या मंडळींची भूमिका समजावयास हरकत नाही.

आयर्लंडमध्ये माळावर एकटे उभे असलेले हॉथॉर्न हे पऱ्यांचे, अदृश्य योनींचे झाड मानतात आणि ते तोडावयास कोणी धजत नाही. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लॅटून येथे नव्या रस्त्याच्या आड असे एक झाड आले. लोककथांचे एक संग्राहक एडी लेनिहन यांनी ते वाचविण्यासाठी मोहीम केली, आणि अभियंत्यांनी रस्त्याच्या आखणीत झाडाला जागा ठेवली. हीच फुले घरात मात्र आणावयाची नाहीत, आणली तर घरात मृत्यू येतो, अशी समजूत ब्रिटनमध्ये दूरवर पसरलेली आहे. यात केवळ अंधश्रद्धाच नाही. या फुलांच्या वासात ट्रायमेथिलअमीन नावाचे द्रव्य असते, आणि कुजू लागलेल्या मांसातही तेच निर्माण होते. प्रेत घरात अनेक दिवस ठेवण्याची चाल ज्या काळी होती, त्या काळच्या नाकांना तो वास चांगला परिचित होता. माणसाला नकोसा वाटणारा हाच वास माशांना आणि भुंगेऱ्यांना बोलावतो, आणि मधमाश्यांच्या जोडीने तेही परागीकरण करतात.

येथून या झाडाचा दुसरा, अधिक सुखाचा इतिहास सुरू होतो. जी वई माणसाला अडविण्यासाठी लावली, तिने पाखरांना आणि प्राण्यांना आसरा दिला. इंग्लंडातील जुनी जंगले शेतीसाठी केव्हाच तुटली होती. वईचा तो चार-सहा फूट रुंदीचा पट्टा म्हणजे जंगलाच्या काठाची एक लांबच लांब नक्कल ठरली. पीतवर्णी यलोहॅमर तिच्या बुडाशी घरटे करतो, व्हाइटथ्रोट तिच्या काट्यांत शिरतो, पारव्याच्या कुळातले नाजूक टर्टल डव्ह जुन्या दाट जाळीत विणीला येते. खाटीक पक्ष्याची एक जात पकडलेले किडे आणि लहान प्राणी हॉथॉर्नच्या काट्यावर टोचून ठेवी. ती जात ब्रिटनमधून विणीचा पक्षी म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ नाहीशी झाली. कीटकशास्त्रज्ञ साउथवुड यांनी १९६१ मध्ये निरनिराळ्या झाडांवर जगणाऱ्या कीटकांची जी गणना प्रसिद्ध केली, तीत हॉथॉर्नच्या नावावर १४९ जाती होत्या. १९८४ च्या सुधारित गणनेत हा आकडा २०९ वर गेला. ऑक्टोबरात स्कँडिनेव्हियातून फील्डफेअर आणि रेडविंग हे कस्तुरांच्या जातीचे पक्षी थव्यांनी उतरतात, आणि थंडीच्या दिवसांत या लाल फळांवर त्यांचा मोठा निर्वाह चालतो.

बागेच्या दृष्टीनेही हे झाड उपकारक. लहान अंगणात मावते, वारा आणि चिखलवट माती सोसते, आणि वसंतात फुले व शरदात फळे असे दोन ऋतू सजविते. मात्र बागाइतांच्या हौसेने येथे थोडा घोटाळा केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हर्टफर्डशरमध्ये लाल रंगाच्या दुहेरी फुलांचा एक प्रकार निघाला आणि ‘पॉल्स स्कार्लेट’ या नावाने तो रस्तोरस्ती लावला गेला. दिसावयास तो देखणा खराच. परंतु पाकळ्यांच्या त्या गर्दीत मधमाशीला वाट मिळत नाही आणि फळही फारसे धरत नाही. पाखरांसाठी झाड लावावयाचे असेल तर साधे, एकेरी, पांढऱ्या फुलांचे रानटी हॉथॉर्नच लावावे, असे जाणते माळी सांगतात.

येथे थोडे भारताकडे वळणे आवश्यक आहे. वईच्या देशातून आलेल्या राज्यकर्त्यांनी या देशातही एक वई घातली होती, आणि ती जगातील सर्वांत मोठ्या वयांत मोडावी. मिठावरील कर चुकवून मीठ एका मुलखातून दुसऱ्यात जाऊ नये, म्हणून सरकारने जकातीची एक सरहद्द आखली. १८६९ पर्यंत ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली, आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसे पहाऱ्याला होती. सुरुवातीला वाळलेल्या काट्यांचे कुंपण होते. ते वाळवी खाई, वारा उडवी, आगीत जळून जाई. तेव्हा जिवंत वई लावण्याचे ठरले. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशी त्या त्या जमिनीत तगणारी काटेरी झाडे निवडण्यात आली, आणि चांगल्या जमिनीत ही भिंत दहा-बारा फूट उंच झाली. दक्षिणेकडे ही सरहद्द खानदेशाच्या वेशीवर, बुऱ्हाणपुरापर्यंत आली होती.

१८६७ ते १८७० या काळात या खात्याचा प्रमुख असलेला आणि जिवंत वईचा आग्रह धरणारा अधिकारी म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हाच पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि हाच हिंदुस्थानातील पक्ष्यांचा आद्य अभ्यासक. पाखरांना आसरा देणारी झाडे गरिबाच्या मिठाआड उभी करण्याचे काम अशा माणसाच्या हातून व्हावे, हा इतिहासाचा चमत्कारिक योग म्हणावयाचा. १ एप्रिल १८७९ रोजी ही सरहद्द उठली. कर मात्र राहिला. त्याच्या विरोधात १९३० मध्ये दांडीला आणि आपल्या शिरोड्याला लोकांना पुन्हा उभे राहावे लागले. राखणारे हात गेल्यावर वई मोडली, तोडली गेली, विस्मरणात गेली. रॉय मॉक्सम या इंग्रज संशोधकाला १९९८ मध्ये तिचा एक अवशेष सापडला, तो इटावा जिल्ह्यात. म्हणजे ज्या जिल्ह्यात ह्यूमने आपली आरंभीची नोकरी केली, तेथेच.

इंग्लंडातील वयांवर मात्र उलट संकट आले. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नधान्याची निकड होती, ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे मोठी झाली होती, आणि लहान चौकटीत ती वळेनात. हजारो मैलांच्या वया उपटल्या गेल्या, पूर्वेकडील गव्हाच्या परगण्यांत तर सर्वाधिक. आणि त्या उपटण्यासाठी सरकारनेच अनुदान दिले. ज्या झाडाला हात लावल्याबद्दल १६०७ मध्ये फाशी होती, तेच उपटण्याबद्दल साडेतीनशे वर्षांनी पैसे मिळू लागले. पुढे १९९२ मध्ये वया राखण्यासाठी आणि पुन्हा उभ्या करण्यासाठी अनुदानाची योजना निघाली. दोन्ही प्रकारच्या अर्जांचे नमुने बहुधा एकाच प्रकारच्या फायलींत लागले असतील.

मधल्या काळात शास्त्रज्ञ जागे झाले होते. मॅक्स हूपर यांनी वयांचे वय काढण्याची एक सोपी रीत सुचविली : तीस यार्ड लांबीत जितक्या जातींची झाडे-झुडपे, तितकी साधारण शतके. अवॉर्डाच्या वेळी लावलेल्या वईत बहुधा एकटे हॉथॉर्न. काळाच्या ओघात पाखरे आणि वारा इतर बिया आणून टाकतात. ही रीत सर्वत्र लागू पडत नाही, हे पुढे दिसून आले. परंतु शाळकरी मुले आणि गावोगावचे हौशी लोक वईपाशी थांबून झाडे मोजू लागले, हे तिचे श्रेय मोठे आहे. १९९७ मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी नियम झाले. त्यांप्रमाणे शेतातील वीस मीटरहून लांब वई काढावयाची तर आधी स्थानिक प्राधिकरणाला कळवावे लागते, आणि त्याला विचारासाठी ४२ दिवसांची मुदत असते. चर्चच्या दारावरची जुनी नोटीस येथे अशी उलट्या वाटेने परत आली.

राहिला प्रश्न छाटणीचा. हॉथॉर्नला फुले येतात ती आदल्या वर्षाच्या फांदीवर. दरवर्षी यंत्राने वई भादरली, तर हिरवी भिंत दिसते, पण फूल नाही आणि म्हणून फळही नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा छाटणाऱ्या शेतकऱ्याच्या वईला फळ कितीतरी अधिक धरते. २०२४ मध्ये इंग्लंडात आलेल्या नियमांनी १ मार्च ते ३१ ऑगस्ट या विणीच्या काळात शेतातील वया छाटण्यास बंदी केली. १ सप्टेंबरपासून छाटणी कायदेशीर होते, आणि नेमक्या त्याच सुमारास फळे लाल होऊ लागतात. यंत्र भाड्याने आणणारा शेतकरी कोरड्या जमिनीत काम उरकावे म्हणून घाई करतो. समंजस शेतकरी यंत्र गोठ्याआड उभे ठेवतो आणि फेब्रुवारीपर्यंत, फील्डफेअरच्या थव्यांनी शेवटचे फळ वेचून नेईपर्यंत, वाट पाहतो.